लहानूच्या खळ्यात चारही चाकं

माझ्या सासऱ्यांनी गेल्या चार वर्षांत स्कूटरला हात लावलेला नाही, आणि त्याला कारण मी आहे. हे एक वाक्य लिहायला मला तेवढीच वर्षं लागली. (मी मुळात कमी बोलणारा. बोईसरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. तिथे बोलावं लागत नाही, चिठ्ठी बघून सामान काढून द्यावं लागतं.)

सासऱ्यांना सगळे नाना म्हणतात. सफाळ्याच्या पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला त्यांची वाडी आहे. केळी, पानवेली, थोडी भाजी. पंच्याहत्तरी ओलांडली तरी रोज सकाळी केळीच्या पानांचे भारे स्कूटरला बांधून ते स्वतः सफाळे स्टेशनपर्यंत न्यायचे. पण गावात त्यांचं खरं नाव होतं ते दुसऱ्यांच्या गाड्या मागे घेण्यात. वाड्यांमधले रस्ते इतके अरुंद की भाजीचा टेंपो आत शिरला की वळायला जागा नाही, जसा आला तसा उलट पावली बाहेर. अशा वेळी ड्रायव्हर हॉर्न द्यायचा आणि नाना हातातलं काम टाकून निघायचे. टेंपोच्या मागे उभं राहून पंजा वर धरायचे आणि म्हणायचे, "येऊ द्या... येऊ द्या... थांबा." त्या 'थांबा'नंतर टेंपो आणि कुंपण यांच्यात चार बोटं अंतर उरलेलं असायचं. तीन नाही, पाच नाही.

आमच्या घरात सांगितली जाणारी हकिकत अशी आहे: चार वर्षांपूर्वी जावयाबरोबर डोंगराकडे फिरायला गेले असताना नानांचा अंदाज चुकला, त्यांनी भलतंच "येऊ द्या" म्हटलं, आणि गाडी एका शेतकऱ्याच्या खळ्यात गेली. लग्नकार्यात, बारशात, अगदी तेराव्याच्या पंगतीतसुद्धा ही हकिकत निघते. लोक हसतात. सगळ्यात जोरात मी हसतो.

ही हकिकत खोटी आहे. खरी आता सांगतो.

त्या वर्षी मी गाडी घेतली होती. जुनीच, पण चारही चाकांना जोर असलेली. मोठी जीप नव्हे. जीपच्या दुकानाबाहेर उभी राहून आत डोकावणारी वाटावी, एवढीच. बायको सुनंदा म्हणाली, "बोईसर ते पालघर रस्त्याला किती चाकं लागतात?" मी म्हणालो, "वेळ सांगून येत नाही." ती म्हणाली, "येऊ दे. वेळेला रिक्षा करू."

या गाडीत समोर, काट्यांच्या मधोमध, चार चाकांचं एक लहानसं चित्र आहे. एरवी पुढची दोन चाकं पांढरी दिसतात. गाडी घसरायला लागली आणि मागची चाकंही जोर लावू लागली, की चारही हिरवी होतात. असं पुस्तकात लिहिलं होतं. मी ते पुस्तक दोनदा वाचलं. (आमच्या लग्नाच्या अल्बमचा अजून एकदाही शेवटपर्यंत योग आलेला नाही.) अकरा महिने झाले तरी ती चाकं हिरवी झाली नाहीत. पावसाळा गेला, कारखान्यांकडच्या रस्त्यावरचे खड्डे झाले, चिंचणीच्या किनाऱ्याला वाळूत चाक घालून झालं. पांढरी ती पांढरीच. शेवटी मी मेकॅनिककडे गेलो. तो एका गाडीखालून अर्धा बाहेर आला आणि म्हणाला, "साहब, फिसलेगी तो जलेगी ना. आप तो ऐसे चलाते हो जैसे पीछे दूध का टँकर लगा है."

हे मला लागलं. पन्नाशीच्या माणसाला अशा गोष्टी फार लागतात, आणि कोणाला सांगता येत नाहीत.

म्हणून दिवाळीनंतरच्या रविवारी मी जाहीर केलं, "नानांना जरा डोंगर दाखवून आणू."

सुनंदा म्हणाली, "नाना जन्मल्यापासून डोंगर बघतायत."

"लांबून."

सफाळ्याहून नानांना घेतलं. ते पुढे बसले, सुनंदा मागे, तिच्या मांडीवर भाकरी आणि सुक्या बोंबलाच्या चटणीचा डबा. हायवे ओलांडून मनोरच्या पुढे गेलो आणि मी ठरवून चांगला रस्ता सोडला. आधी डांबर संपलं. मग खडी संपली. मग नुसता मुरूम, आणि त्यानंतर दोन चाकोऱ्या आणि मधे गुडघाभर वाढलेलं गवत.

"जावई," नाना म्हणाले, "हा रस्ता कुठं जातो?"

"धरणाकडे."

"कुठल्या?"

"आहे एक."

नाना म्हणाले, "असंल. हल्ली सगळीकडं असतंय एकेक."

एक ओहोळ लागला. मी गाडी थांबवली, काच खाली केली, पाण्याची खोली पाहिली, चेहऱ्यावर गांभीर्य आणलं. तेवढ्यात एक बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन आमच्या शेजारून ओहोळात उतरली आणि पलीकडे निघून गेली. पाणी तिच्या घोट्यापर्यंत होतं. मग मीही गेलो. चाकं पांढरी. पुढे एक चढ लागला, दगडांचा, वाकडा. इथे तरी घसरेल म्हणून मी मुद्दाम गती कमी केली. मागून एक जुनी मोटरसायकल आली. वर तीन माणसं आणि एक कोंबडा. चौघांनीही आमच्याकडे वळून पाहिलं आणि ते पुढे गेले. चाकं पांढरी.

"अहो," मागून सुनंदा म्हणाली, "तुम्ही रस्ता बघताय की ते घड्याळ?"

"रस्ता."

"मग रडवं तोंड कशाला? रस्त्यात तर काय नाय." (वैतागली की तिला माहेरची बोली येते. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, आता मी 'नाय' ऐकला की डबा, किल्ली, पाकीट, सगळं तपासतो.)

आणि मग रस्ता संपला. पुढे जंगल, वळण, उतार, असं काही नाही. एका घराच्या अंगणात तो सरळ जाऊन संपला, जसा काही त्या घराला पाणी मागायला आला होता. डावीकडे कुडाचं घर, उजवीकडे कापलेलं भाताचं शेत, त्याच्या कडेला भाताच्या भाऱ्यांची उंच रास, आणि राशीसमोर एक गोल, सपाट, तुकतुकीत जागा. दुपारच्या उन्हात ती चमकत होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: ते खळं होतं. भात झोडायची जागा. जमीन खणायची, सारखी करायची, पाणी मारायचं, लाकडाने चोप चोप चोपायची, मग शेणाने सारवायची आणि दोन दिवस तिच्यावर चिमणीलासुद्धा उतरू द्यायचं नाही. ती वाळून कडक झाली की तिच्यावर भात झोडायचं. हे मला ठाऊक होतं. मी शहरातला नाही, माझे आजोबा शेती करायचे. एवढं ओलं खळं ओळखता न यायला माणूस आंधळा असावा लागतो, किंवा त्याने नुकतीच गाडी घेतलेली असावी लागते.

"वळवायला लागंल," नाना म्हणाले आणि कोणी न सांगता खाली उतरले. गाडी मागे घ्यायची म्हटली की त्यांना बसवत नसे. ते मागे जाऊन उभे राहिले, खळ्याच्या काठाला पाठ करून. पंजा वर केला.

"येऊ द्या."

मी मागे घेतली.

"येऊ द्या... येऊ द्या..."

पुढची चाकं शेताच्या पाटाच्या ओल्या मातीत होती. तिथे ती किंचित फिरली. आणि माझ्या समोर, अकरा महिन्यांनी, ती चारही चाकं हिरवी झाली.

"थांबा," नाना म्हणाले.

हे मी स्वच्छ ऐकलं. सुरुवातीला स्वतःला सांगत होतो की इंजिनाचा आवाज होता. नंतर सांगत होतो की काच वर होती. काच खाली होती. नानांचा 'थांबा' मला आजही तसाच ऐकू येतो, घाई नाही, आरडाओरडा नाही. चार बोटं उरलेली असताना म्हणावा तसा. मी ऐकला आणि मनात म्हणालो, एकच क्षण. फक्त हिरवी राहतात का विझतात ते बघू. आणि ॲक्सिलरेटर दाबला.

गाडीने मला निराश केलं नाही. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे तिच्या चारही चाकांनी एकाच वेळी जोर लावला, नाना टुणकन बाजूला झाले (पंच्याहत्तरीत, हे विसरू नका), आणि आम्ही एका दमात खळ्याच्या बरोबर मध्यावर जाऊन बसलो. नवरदेव पाटावर बसतो तसे.

मी घाबरून पुढे घ्यायला गेलो. तिथे मला या गाडीचा खरा गुण कळला. साधी गाडी रुतली तर दोन खड्डे करते. ही चार करते. शेण, चिखल आणि पाणी यांचा एक सडा मागच्या काचेवर आला, एक भाऱ्यांच्या राशीवर गेला.

सुनंदा शांतपणे म्हणाली, "बंद करा आता."

घरातून एक माणूस बाहेर आला, त्याच्यामागे त्याची बायको. माणसाचं नाव लहानू, हे नंतर कळलं. तो खळ्याकडे बघत उभा राहिला, जसं कोणी आपल्या घराचं छप्पर उडताना बघावं. बायकोच्या कोपरापर्यंत शेण लागलेलं होतं. ती सकाळपासून सारवून नुकतीच हात धुवायला गेली होती.

"परवा झोडणी हाय आमची," ती म्हणाली. "बुधवारी वीटभट्टीवरचा ट्रक येल आमाला न्यायला. भात घरात पडल्याबिगर आमी जायाचं कसं?"

मी पाकिटाला हात घातला. तिने पाहिलं.

"ते ठेव खिशात. त्यानं खळा सुकंल काय?"

तेव्हा लहानू पहिल्यांदा बोलला. रागाने नाही, नुसता थकून. "एवढी जागा हाय रं इकडं. तुला खळ्यातच कोणी बोलवला?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, कारखान्यात चाळीस माणसांत हिशेबी, सरळ, मितभाषी म्हणून ओळखला जाणारा माणूस, म्हणालो,

"नाना म्हणाले, येऊ द्या."

बघा, यात एक शब्दही खोटा नाही. नाना म्हणाले होते. तीनदा म्हणाले होते. मी फक्त त्यांचा शेवटचा शब्द गाळला.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या पंजाकडे पाहिलं, दुसऱ्या कोणाचा तरी असावा तसं. आणि लहानूला म्हणाले, "म्हाताऱ्याचं चुकलं, बाबा. आता काय करायचं ते सांग."

पुढचं सगळं लहानूच्या बायकोने हातात घेतलं. पाड्यावरून सात-आठ माणसं आली, दोर आला, गाडी ओढून बाहेर काढली. (मोटरसायकलवरचे तिघेही त्यात होते. कोंबडा दिसला नाही. त्याचं काय झालं असेल ते विचारण्याची ती वेळ नव्हती.) मग चार खड्डे. त्यांत माती भरायची, मुरूम टाकायचा, पाणी शिंपडायचं आणि चोपायचं. चोपायचं लाकूड माझ्या हातात दिलं गेलं.

"जमिनीवर मार, शेठ," ती म्हणाली. "पायावर मारून खळा नाय होत."

मी मारलं.

"अजून. तू काय तिला निजवतोस?"

मी दोन तास चोपलं. सुनंदाने साडी खोचली आणि ती सारवायला बसली. तिचा हात इतका सफाईने फिरत होता की लहानूची बायको म्हणाली, "बाई कामाची हाय. हा कुठून भेटला?"

"दाखवला घरच्यांनी," सुनंदा म्हणाली.

नाना एका दगडावर बसून होते. एरवी असं काम चाललं असतं तर त्यांनी दहा सूचना केल्या असत्या. त्या दिवशी एकही नाही.

मंगळवारी कंपनीत पोट बिघडल्याचं सांगून मी एकटा तिथे गेलो. या वेळी गाडी रस्त्यालाच, लांब ठेवून चालत. झोडणी चालू होती. खळ्यावर चार ठिगळं उरलेल्या जागेपेक्षा काळपट दिसत होती, पण धरून होती. लहानूने मला पाहिलं आणि नुसती मान हलवली. भात घरात पडणार होतं. माझ्या छातीवरचा अर्धा दगड उतरला.

उरलेला अर्धा तसाच राहिला, कारण त्याच आठवड्यात माईंचा, म्हणजे सासूबाईंचा फोन आला. नानांनी स्कूटर झाकून ठेवली होती. म्हणाले, हाताला अंदाज राहिला नाही, कोणाच्या अंगावर घालायचो. पानांचे भारे आता रिक्षाने जाऊ लागले. गावात बातमी पसरली तसे टेंपोवालेही हॉर्न देईनासे झाले. एकाने नानांना न विचारता मागे घेतला आणि शेजाऱ्याचं अख्खं कुंपण नेलं, तरी त्याचा दोष म्हणे रस्त्याचा. मी नानांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, नजर उत्तम आहे. नाना म्हणाले, डॉक्टर नवा आहे.

सांगून टाकायचं मी पन्नास वेळा ठरवलं. प्रत्येक वेळी जेवणाचं ताट समोर यायचं, किंवा पाहुणे यायचे, किंवा नाना स्वतःच म्हणायचे, "जावई, गाडी काढता काय?" आणि मी काढायचो. प्रायश्चित्त म्हणून दर रविवारी बोईसरहून सफाळ्याला जायचं आणि नानांना हवं तिथे न्यायचं, हे मीच ठरवून घेतलं होतं. सातपाटीला पापलेट घ्यायला, केळव्याला देवळात, चिंचणीला त्यांच्या आत्येभावाकडे, तिथून त्या आत्येभावाला घेऊन डहाणूला. चार वर्षांत मी रविवारी झोपलेलो नाही.

गेल्या महिन्यात मात्र राहवलं नाही. नाना वाडीत केळीची पानं बांधत बसले होते. मी शेजारी बसलो आणि एका श्वासात सांगून टाकलं. हिरवी चाकं, 'थांबा', ॲक्सिलरेटर, सगळं. सांगताना माझा आवाज फुटला. पन्नाशीनंतर आवाज फुटणं फार वाईट दिसतं.

नाना भारा आवळत म्हणाले, "ठाव हाय."

"काय ठाव आहे?"

"मी थांबा बोललेलो. मी बोललेलं मला ठाव नसंल काय?"

"मग तुम्ही त्या वेळी..."

"आता तिथं जावयाला खोटा पाडू काय? लहानूनंबी घरातनं ऐकलेला. नंतर मला हळूच बोलला, जावई हाय तुजा, ऱ्हाऊ दे."

मी विचारलं, "आणि स्कूटर? ती का सोडलीत?"

माई येतात का म्हणून नानांनी एकदा घराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "गुडघं. किक मारताना जीव जायाचा. माईला बोललो असतो तर तिनं उचलून ऑपरेशनला टाकला असता. तुमी बरी वाट काढून दिली. नजरेचं बोललो की कोण गुडघ्याकडं बघत नाय."

"नाना, मी चार वर्षं झोपलो नाही."

"तुमचं तोंड उतरलेलं दिसायचं," नाना म्हणाले. "मला वाटायचं, कंपनीत काय तरी असंल."

"आणि हे दर रविवारी..."

"ते बरं चाललंय. ते नका बंद करू." त्यांनी दुसरा भारा ओढला. "नि घरात काय बोलू नका. सुनंदा मागंच बसलेली, काच उघडी होती, तिला थांबा ऐकू आलाच असंल. पण गुडघ्याचं कोणाला ठाव नाय. माईपर्यंत जाता कामा नये."

थोडक्यात, चार वर्षं मी जिवापाड जपलेलं गुपित सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याच्या जागी नानांनी मला एक ताजं गुपित दिलं.

सुनंदाला समोरासमोर विचारायची हिंमत झाली नाही. म्हणून हे सगळं लिहून काढलं आणि पाच-सहा कागद मेजावर, वर्तमानपत्राखाली ठेवले. आज सकाळी पाहिलं तर वर्तमानपत्र बाजूला होतं आणि शेवटच्या पानाच्या समासात पेन्सिलीने सुनंदाच्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'गुडघ्याचं माईला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ती म्हणते, जावयाला बरं वाटतंय तोवर नेऊ दे गाडीतून. येताना कोथिंबीर आणा.'

मी कोथिंबीर आणली.